विमानतळावर चारा बघणारा माणूस

माझा दाजी बिरदेव कुठंही बसला तरी पायातल्या चपला काढत नाही. लग्नाच्या पंगतीत त्याला चारदा सांगावं लागतं, आणि घरात तर सुषमानं सांगणंच सोडून दिलं होतं. सुषमा माझी धाकटी बहीण. तिला हे स्थळ आलं तेव्हा मी वडिलांना म्हटलं होतं, या माणसाचे पाय बघा, उभा असला तरी एक पाय पुढं टाकलेला असतो. वडील म्हणाले, "मेंढरामागचा मानूस हाय कोंडिबा, चालायचंच." आम्हीही धनगरच, पण आमच्या आजोबांनी वरवंडला जमीन घेऊन बूड टेकलं होतं. बिरदेवच्या घरी मात्र अजून दिवाळी झाली की सगळा संसार घोड्यावर चढायचा.

त्याचे वडील भैरूआबा त्यांच्या वाड्याचे म्होरके. वाडा म्हणजे बरोबर चालणारी आठ-दहा बिऱ्हाडं आणि त्यांची मेंढरं. एका शिवारात मुक्काम पडला की एकजण पुढं जाऊन चारा-पाणी बघून यायचा. आधी हे काम आबांचं होतं, पुढं ते बिरदेवकडं आलं. पुढचं रान चांगलं आहे हे तोंडानं बोलायचं नाही, असा त्यांच्यात रिवाज होता. बोललं की शेजारच्या मुक्कामावरचे आपल्या आधी तिथं पोचायचे. म्हणून परत आलेला माणूस सरळ आपल्या चुलीपाशी जायचा आणि तीन दगडांतला एक पायानं कलंडून द्यायचा. तो दगड पडला की बायका न विचारता भांडी आवरायला लागायच्या. सुषमानं लग्नानंतरची दोन वर्षं असे दगड पडताना बघितले आणि तिसऱ्या वर्षी ती पोटुशी राहिली तेव्हा नवऱ्याला म्हणाली, माझं लेकरू भिंतीच्या आत जन्माला आलं पाहिजे.

तिचं एवढंच मागणं होतं. बिरदेवनं ऐकलं, असं आम्हा सगळ्यांना वाटलं. त्र्याण्णव साली पूनम वरवंडला आमच्या घरात झाली आणि पुढच्याच वर्षी त्यानं मेंढरं धाकट्या भावाच्या गळ्यात घालून ड्रायव्हरची नोकरी धरली. तेव्हा कुरकुंभला केमिकलच्या कंपन्या धडाधड उभ्या राहत होत्या. पाटसच्या सर्जेरावांनी दोन गाड्या घेऊन त्या कंपन्यांना भाड्यानं लावल्या होत्या. दिल्लीचा माल घेणारा, मद्रासचा साहेब, कुठला तरी तपासणीवाला, असे लोक विमानानं पुण्याला उतरायचे. त्यांना लोहगावच्या विमानतळावरून आणायचं आणि काम झालं की परत नेऊन सोडायचं. काम साधं होतं, पगार वेळेवर होता, कुरकुंभात भाड्याची खोली मिळाली. मी माझ्या टेम्पोतून त्यांची भांडी आणून दिली आणि बहिणीच्या हातचं पहिलं जेवण जेवून घरी गेलो. सुटलो, असं मनात म्हणालोसुद्धा.

कसला सुटतोय! माणूस मेंढरं सोडतो, पण त्याची नजर कुठं जाते? विमानतळाबाहेर बाकीचे ड्रायव्हर साहेबाच्या नावाची पाटी काखेत मारून तंबाखू मळत बसायचे. हा कठड्याला रेलून बाहेर पडणारी माणसं बघत राहायचा. धनगर कळप मोजत नाही, नुसती नजर टाकतो आणि काही कमी असलं तर त्याला कळतं. तशीच याची नजर. आज पाट्या कमी दिसतायत, आज टाय घातलेले कमी आहेत, आज बॅगा लहान आहेत, म्हणजे कामं उरकून त्याच दिवशी परत जाणार. घरी आला की हेच पुराण. एकदा जेवताना मला म्हणाला, "पाव्हणं, ईष्टीत कोन बसतं? ज्याला जायालाच पायजे तो. कुनाची मयत हाय, कुनाचा कोर्टाचा वायदा हाय. इमानात कोन बसतं? ज्याला धंद्याची घाई हाय तो. आन् धंद्याला पाला राहिला न्हाई की पैला तोच खाली उतरतो."

मी म्हटलं, "दाजी, तुम्ही गाडी चालवा. धंद्याचा पाला बघायला सर्जेराव आहेत."

त्यावर तो हसला, पण त्याचा गुडघा हलायचा थांबला नाही.

त्या वर्षांत नव्या खाजगी विमान कंपन्यांचं पेव फुटलं होतं आणि त्यातल्या काही लगेच बसल्याही. शहाण्णव साली एका दुपारी तो लोहगावहून परत आला. तिथं एका कंपनीच्या काउंटरवर कापड टाकलेलं त्यानं बघितलं होतं. खोलीच्या मागं सुषमानं पूनमच्या आंघोळीला पाणी तापत ठेवलं होतं. हा आला, कुणाशी बोलला नाही, आणि पायानं चुलीचा दगड कलंडून दिला. पातेलं आडवं झालं, पाणी विस्तवावर गेलं. पूनम घाबरून रडायला लागली. सुषमा नुसती बघत राहिली, कारण या खुणेचा अर्थ तिच्याइतका कुरकुंभात दुसऱ्या कुणालाच ठाऊक नव्हता.

मला निरोप आला आणि मी टेम्पो घेऊन गेलो. "अहो, विमान कंपनी बसली तर तुमचं काय बिघडलं? तुमचा पगार काय ते देतात?" मी विचारलं. तो म्हणाला, "आज ती बसली. तिच्यातनं येनारा उद्या येनार न्हाई. तो न्हाई आला तर इथल्या कंपनीला काम न्हाई. चारा सरायच्या आत हलायचं असतं, सरल्यावर न्हाई." त्यानं शिरूर धरलं. रांजणगावला नव्या कंपन्या येणार होत्या, विमानतळ तिथून जवळ होता. आणि खरं सांगायचं तर पुढच्या उन्हाळ्यात कुरकुंभच्या एका कंपनीनं रात्रपाळी बंद केलीच. तो एकदा बरोबर ठरला आणि तिथंच आमचा घात झाला. आता त्याला कोण समजावणार?

शिरूरला मात्र बरी वर्षं गेली. सुषमानं भाड्याच्या खोलीपुढं शेवगा लावला. दुसऱ्याच्या जागेत झाड कशाला लावतेस म्हटलं तर म्हणाली, राहू दे की दादा, निदान झाडाला तरी हलता येत नाही. रांजणगावच्या कंपन्यांत कोरियाचे, जर्मनीचे साहेब यायला लागले. त्यांना आणायला कंपनीची गाडी घेऊन मुंबईच्या सहार विमानतळावर जावं लागायचं. बिरदेव खुशीत असायचा. पण मी शिरूरला गेलो की बघायचो, तो दारात बसलेला असायचा, घराच्या आत नाही आणि बाहेरही नाही, पायात चपला.

मग दोन हजार एक साल आलं आणि अमेरिकेत इमारतींवर विमानं आपटली. सगळ्या जगानं ते टीव्हीवर बघितलं, शिरूरनंही बघितलं. पुढं महिनाभर परदेशी साहेब येईनात. कंपनीची गाडी गेटापाशी धूळ खात उभी. शेवग्याला त्या साली बहर आला होता. सुषमा शेंगा काढायला काठी शोधत होती तेवढ्यात मागून पातेलं पडल्याचा आवाज आला. ती काठी हातात घेऊन तशीच खाली बसली.

मी टेम्पो घेऊन गेलो तो भांडायच्या तयारीनंच. "तिकडं अमेरिकेत विमान पडलं म्हणून शिरूरची खोली सोडायची? पोरीची शाळा चालू आहे, तिसरीत आहे ती!"

"तिकडं पडलं म्हनूनच इकडं कुनी बसंना, पाव्हणं."

"बसतील पुन्हा. माणसं काय जन्मभर घरी बसणार?"

"तवर खायचं काय?"

आणि त्यानं गोधड्या बांधायला घेतल्या. या खेपेला दौंड. विमानाचा भरवसा नाही तर रेल्वे बघू, असं त्याचं म्हणणं. दौंड स्टेशनबाहेर तो दुसऱ्याची जीप चालवायला लागला, दौंड ते पाटस. आणि होळीच्या आत रांजणगावला परदेशी साहेब पुन्हा यायला लागलेसुद्धा. ही बातमी मीच त्याला मोठ्या तोंडानं जाऊन सांगितली.  दौंडला त्याचे फार हाल झाले. फलाटावर उभा राहून गाड्या बघायचा, पण त्यातून त्याला काही कळायचं नाही. सुकाळ असो की दुष्काळ, रेल्वे आपली खच्चून भरलेली. धंदा चालला म्हणून माणसं जातात आणि धंदा बुडाला म्हणूनही जातात. तिथं त्याची नजर बोथट झाली आणि त्याची झोप उडाली. सुषमा म्हणायची, हा माणूस झोपेतसुद्धा चालतो, सकाळी गोधडी पायथ्याला गोळा झालेली असते.

दोन हजार पाचच्या सुमाराला सगळं फिरलं. विमानाची तिकिटं स्वस्त झाली. सर्जेराव स्वतः दौंडला आले, "बिरदेव, गाड्या सात झाल्यात, मानसं मिळंनात, चला," म्हणाले. पहिल्या खेपेला लोहगावला जाऊन आल्यावर बिरदेवचा चेहरा बघण्यासारखा होता. "पाव्हणं, चपला घालून मानसं इमानात बसत्यात! पिशवीत चपातीचा डबा! म्हातारी नातवाच्या हाताला धरून उतरली, बंगळूरहून!" इतकं हिरवं रान आपण कधी बघितलं नाही, असं तो म्हणायचा. वरवंडचा एक डाळिंबवाला दिल्लीच्या व्यापाऱ्याला भेटायला विमानानं जाऊन दुसऱ्या दिवशी परत आला, तर गावानं त्याला पारावर बसवून दोन तास प्रश्न विचारले. हायवेला लॉज उठले, ढाबेवाल्यांनी एसी लावले, जमिनीचे दलाल मोटारसायकलवरून हिंडायला लागले.

बिऱ्हाड पुन्हा कुरकुंभला आलं. या खेपेला सुषमा गप्प बसली नाही. तिनं कंपनीतल्या कामगारांना डबे द्यायला सुरुवात केली. बिहार-उत्तर प्रदेशची पोरं चपाती मागायची, आपल्याकडची भाकरी. भाकरी ती मागच्या चुलीवरच करायची. आणि मला तेव्हा दिसलं की दाजी इतकी वर्षं जे बडबडतो ते अगदीच वेड्याचं नाही. विमानातून माल घेणारा उतरला, कंपनी बघून गेला, की काही दिवसांनी तिसरी पाळी चालू व्हायची. तिसरी पाळी चालू झाली की सुषमाकडं डबे वाढायचे. डबे वाढले की ती माझ्या टेम्पोतून ज्वारीची पोती मागवायची. म्हणजे लोहगावला विमान उतरलं की वरवंडला माझा टेम्पो हलत होता. हे मला आवडलं नाही, पण खरं होतं.

त्या डब्यांच्या जिवावर तिनं गावाच्या कडेला जागेचा एक तुकडा घेतला, स्वतःच्या नावावर. बिरदेवनं सही केली आणि बाहेर जाऊन उभा राहिला. पाया खोदला त्या दिवशी सुषमा मला म्हणाली, "दादा, पूनमच्या तीन शाळा झाल्या. ती धाव्वीला बसंल ती ह्या घरातनं. त्यांनी दगड पाडला तरी म्या हलायची न्हाई. तू टेम्पो आनलास तर तुजं बी तोंड बघायची न्हाई." ती हे हसून म्हणाली नाही.

घर हळूहळू वर चढत होतं आणि दोन हजार आठचा पावसाळा आला. तेल महागलं. विमानाचं इंधन तर असं महागलं की तिकिटं पुन्हा आभाळाला टेकली. बिरदेवची चुळबुळ सुरू झाली. आधी म्हणाला, चपला घातलेली माणसं कमी झाली. मग म्हणाला, टायवाले एकाच गाडीत तिघं-तिघं बसून जातात. मग दोन विमानांची माणसं एकाच विमानात घालायला लागले. दसऱ्याच्या सुमाराला टीव्हीवर एका विमान कंपनीनं कामावरून काढलेल्या पोरी रडताना दाखवल्या, गणवेशात, ओठ लाल रंगवलेल्या. तो जेवता जेवता उठला आणि रस्त्याला जाऊन येरझाऱ्या घालायला लागला. अमेरिकेत बँका बुडाल्या असं पेपरात येत होतं. आमच्याकडं कुणाला त्यातलं ओ की ठो कळत नव्हतं. बिरदेवलाही नाही, पण त्याला पाय होते आणि पायांना कळलं होतं.

मला सुषमाची काळजी वाटायला लागली. घराला चौकटी होत्या, दारं नव्हती. भिंतींना गिलावा नव्हता. भाडं वाचावं म्हणून ती तशीच राहायला गेली होती, दाराच्या जागी गोधडी लावून. भैरूआबाही मेंढरांमागचं चालणं सोडून तिथंच आले होते आणि दिवसभर अंगणात घोंगडी टाकून बसायचे. पूनम विटांच्या ढिगावर बसून अभ्यास करायची. परीक्षा मार्चमध्ये होती. तोवर हा माणूस थांबेल का, एवढाच प्रश्न मला दिवसरात्र खात होता. दारच नसलेलं घर सोडायला असा किती वेळ लागतो?

संक्रांतीच्या आधी मी दौंडच्या सुताराकडून दार उचललं. सागाचं परवडलं नाही, बाभळीचं होतं, पण जड होतं. टेम्पोत घालून कुरकुंभला नेलं. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच माझा टेम्पो त्यांच्याकडं पुन्हा हलवायचं नाही असं काहीतरी ठेवून जायला आला होता. सुषमा घरामागं परातीत पीठ मळत बसली होती. मी दार उतरवायला आबांना हाक मारतोय तेवढ्यात बिरदेवची गाडी आली.

तो नेहमीपेक्षा लवकर आला होता. त्याचं तोंड बघूनच मी ओळखलं. दाराकडं त्यानं बघितलं, पण बघितल्यासारखं केलं नाही. सरळ घराला वळसा घालून मागं गेला. मी दार तसंच टाकून मागं धावलो. चुलीत जाळ होता, वर तवा होता. त्यानं एक पाय उचलला आणि कडेच्या दगडाला टाचेनं रेटा दिला.

दगड हलला नाही.

त्यानं पुन्हा रेटा दिला. मग खाली वाकून दोन्ही हात लावले. दगड तापलेला, त्याचे हात भाजले असणार. तरी त्यानं जोर लावला. सुषमा पीठ मळायची थांबली नाही.

"सिमिट हाय," ती म्हणाली. "मारुतराव गवंड्याकडनं बशिवलंय तिन्ही दगड. चांगलं आठ दिस पानी मारलंय म्या."

बिरदेव उकिडवा बसला. हाताकडं बघत म्हणाला, "सुषमे, इमानच आलं न्हाई आज. रद्द केलं. मानसंच न्हाईत. कंपनीनं सांगितलं, म्होरल्या म्हयन्यापास्नं गाडी नगं. सर्जेराव तीन गाड्या इकायला निघालं. तुला कळत न्हाई. आता पाळ्या बंद व्हत्याल. तुजं डबं बंद व्हत्याल."

"म्हाईत हाय."

"काय म्हाईत हाय?"

"दिवाळीपास्नं डबं कमीच हायेत. बिहारची पोरं गावाला गेली ती माघारी आली न्हाईत. तुमी इमानं बघत हुता, म्या परात बघत हुते. ही बघा, निम्मीच हाय." तिनं परात त्याच्याकडं तिरकी केली. पिठाचा गोळा खरंच लहान होता. "तुमी म्हनता ते खरंच हाय. आन् तरीबी म्या हलनार न्हाई. पूनमची परीक्षा हाय. जे जेवनारं हायेत त्यांस्नी जेवू घालीन. तुमाला जायाचं असंल तर जावा, चारा गावला की सांगा."

मला वाटलं आता हा उठून चालायला लागणार. तो उठलाही. पण भैरूआबा काठी टेकत मागं आले होते. म्हातारा हसत होता. मला त्यांचा रागच आला, इथं सुनेचा संसार टांगणीला लागलाय आणि यांना हसू सुचतंय.

"आरं बिरदेवा," आबा म्हणाले, "म्या पुडं जायाचो तवा तू केवडा हुतास?"

"का?"

"धा बारा येळा पुडं जाऊन यायचो म्या, तवा कुटं एकांद्या येळंला दगड पाडायचो. बाकीच्या येळंला यायचो आन् गुमान भाकर खायाला बसायचो. म्होरलं रान बघायचं ते हितं आनिक किती दिस निघत्यात ह्ये कळावं म्हनून. तुला दगड पाडल्यालंच ध्यानात ऱ्हायलं व्हय रं? बाकीचं ऱ्हायलं न्हाई, कारन तवा काय झालंच न्हाई."

बिरदेव बापाकडं बघत राहिला. इतक्या वर्षांत हे त्याला कुणी सांगितलं नव्हतं आणि त्यानंही कधी विचारलं नव्हतं. मग तो घरापुढं गेला आणि दाराचं एक टोक धरून माझ्याकडं बघायला लागला. दुसरं टोक मी धरलं. संध्याकाळपर्यंत आम्ही ते दार बसवलं. कडी आत असते की बाहेर, हे त्यानं मला खरंच विचारलं. दोन्हीकडं असते म्हणालो, तेव्हा त्याला जरा बरं वाटलेलं दिसलं.

तो उन्हाळा वाईट गेला, उगीच चांगला म्हणून सांगत नाही. पुढच्याच महिन्यात बिरदेव पाटसच्या कारखान्यावर ट्रॅक्टर चालवायला लागला, पण हंगाम संपला आणि तेही संपलं. सुषमाचे डबे आणखी घटले. बिरदेव रात्री दार उघडून अंगणात फिरायचा आणि पुन्हा लावायचा. त्या कडीच्या आवाजानं सगळ्या घराची झोपमोड व्हायची. पूनमनं मात्र त्याच घरातून परीक्षा दिली. निकाल लागायचा होता. मी आठवड्यातून दोनदा तरकारी घेऊन पुण्याच्या मार्केट यार्डात जायचो. एक दिवस बिरदेव रस्त्यावर उभा दिसला. न विचारता टेम्पोत चढला.

माल उतरवून झाल्यावर म्हणाला, "पाव्हणं, जरा लोहगावला चला."

"वेड लागलंय का? डिझेल काय तुमचा सासरा घालतो?"

"माजा सासरा म्हंजी तुमचाच बाप."

गेलो. शिव्या घालत गेलो, पण गेलो. टेम्पो विमानतळाजवळ उभा करू देईनात. लांब लावून चालत गेलो. तो कठड्याला जाऊन रेलला आणि तासभर माणसं बघत उभा राहिला.  आता हा काय बघतोय, कुठली गाठोडी बांधायला लावतोय! मला ती सगळी माणसं सारखीच दिसत होती, चाकांच्या बॅगा ओढणारी, फोन कानाला लावलेली. तासाभरानं तो वळला आणि म्हणाला, "चला." काय बघितलं, मी विचारत राहिलो. परतीच्या वाटेवर हडपसर, लोणी, यवत सगळं मागं पडलं, तरी तोंडातून शब्द नाही. असं आम्ही त्या उन्हाळ्यात चार-पाच वेळा तरी गेलो. दरवेळी परत येऊन तो गुमान भाकर खायला बसायचा. त्याचा गुडघा मात्र हलत असायचा.

शेवटची खेप जुलैतली. पूनम पास झाली होती, दौंडच्या कॉलेजात नाव घातलं होतं. त्या दिवशी लोहगावला आम्ही उभे असताना आतून एकदम लोंढा बाहेर आला. मला तर त्यात काही निराळं दिसलं नाही. एक म्हातारी पायात साध्या चपला घालून, काखेत पिशवी मारून बाहेर आली आणि कोण न्यायला आलंय ते शोधायला लागली. बिरदेव सरळ उभा राहिला. "चला," म्हणाला. या खेपेला त्यानं तास पुरा केला नाही.

कुरकुंभला पोचलो तेव्हा सुषमा संध्याकाळच्या भाकरीचं पीठ चाळून बसली होती. परातीत पाणी घालायच्या बेतात होती. बिरदेव चालत सरळ चुलीकडं गेला. मी घराच्या कोपऱ्यावरच थबकलो. इतक्या वर्षांची सवय, माझा हात टेम्पोच्या किल्लीवर गेला. सुषमानंही पाण्याचा तांब्या हातात तसाच धरला.

तो दगडापाशी थांबला नाही. भिंतीकडेच्या पिठाच्या डब्याचं झाकण उघडलं, मापटं भरलं आणि परातीत ओतलं. मग थोडा विचार करून आणखी अर्धं ओतलं.

सुषमा त्याच्याकडं बघत राहिली. तिचे डोळे भरले होते, हे मी माझ्या डोळ्यांनी बघितलं आणि माझेही भरले.  मग तिची नजर खाली गेली.

"चपला काढा की," ती म्हणाली. "परात हाय ही."

बिरदेवनं पायाकडं बघितलं. मग भिंतीला हात टेकून, एकेक पाय उचलून, त्यानं चपला काढल्या आणि त्या कुठं ठेवायच्या हे न कळून हातात घेऊन तसाच उभा राहिला.

"दारापाशी," सुषमा म्हणाली, आणि तिनं पिठात पाणी घातलं.